काढून टाकण्याची मर्यादा : जावास्क्रिप्टमधील अंगभूत उपवर्गीकरण आणि पूर्वसुसंगततेचा प्रश्न

प्रस्तावना

संगणकाच्या भाषांचा इतिहास बहुधा त्यांच्यात काय काय नव्याने आले याच्या नोंदींनी सांगितला जातो. एखाद्या भाषेतून काय काढावेसे वाटले आणि ते का काढता आले नाही, याची चर्चा त्या मानाने कमी होते. वास्तविक भाषेच्या रचनाकारांची विवेकबुद्धी या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळीच अधिक कसाला लागते. नवे वैशिष्ट्य आणताना रचनाकार भविष्यातील आज्ञावलींचा विचार करीत असतो. जुने वैशिष्ट्य काढताना मात्र अगोदरच लिहिल्या गेलेल्या, चालू असलेल्या आणि ज्यांचे लेखक आता उपलब्धही नाहीत अशा आज्ञावलींचे भवितव्य त्याच्या हाती असते.

या दृष्टीने जावास्क्रिप्ट या भाषेतील एक प्रस्ताव अभ्यासनीय ठरतो. एक्मा इंटरनॅशनल या संस्थेच्या 'टीसी ३९' या समितीपुढे २०२० मध्ये शु-यू गुओ आणि यूलिया स्टार्त्सेव यांनी भाषेतील अंगभूत वर्गांच्या उपवर्गीकरणाची काही साधने काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, आणि तो पहिल्या टप्प्यावर, म्हणजे विचारार्थ, स्वीकारला गेला. हा प्रस्ताव मुळात ज्या दोषावर बोट ठेवतो तो दोष, त्याची कारणमीमांसा आणि प्रस्तावाने सुचविलेल्या उपायाची ग्राह्यता, या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : उपवर्गीकरणाची मागणी

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना घडविली. १९९७ मध्ये तिचे पहिले प्रमाणीकरण झाले. या भाषेत वर्ग ही संकल्पना प्रारंभी नव्हती. वस्तू दुसऱ्या वस्तूला आदिरूप मानून तिच्याकडून गुण घेत असे. साध्या वस्तूंच्या बाबतीत ही व्यवस्था पुरेशी होती. परंतु 'ॲरे', 'रेगएक्स्प', 'डेट' यांसारख्या अंगभूत वस्तूंपुढे ती अपुरी पडे. ॲरेमध्ये नवा घटक घातला की त्याची लांबी आपोआप वाढते. हा गुण आदिरूपाकडून मिळणारा नसून त्या वस्तूच्या जन्माबरोबरच तिच्या ठायी येणारा आहे. त्यामुळे ॲरेला आदिरूप मानून केलेली वस्तू ॲरेसारखी दिसे, पण ॲरेसारखी वागत नसे. २००९ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत ही उणीव कायम होती.

जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या आवृत्तीने ती दूर केली. 'क्लास' आणि 'एक्स्टेंड्स' हे शब्द भाषेत आले आणि अंगभूत वर्गांचे खरेखुरे उपवर्ग करणे शक्य झाले. मात्र समिती एवढ्यावर थांबली नाही. उपवर्गाची वस्तू जन्माला घालता येणे ही एक गोष्ट. अंगभूत मेथडींनी त्या उपवर्गाची दखल घेत राहणे ही दुसरी. सहाव्या आवृत्तीने दोन्ही एकाच वेळी दिल्या. प्रस्तुत वादाचे मूळ या दुसऱ्या देणगीत आहे.

उपवर्गीकरणाचे चार स्तर

प्रस्तावाचे पहिले श्रेय असे, की त्याने 'उपवर्गीकरण' या एका शब्दाखाली झाकलेल्या चार निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या करून दाखविल्या. पहिला स्तर उपवर्गाची वस्तू निर्माण होण्याचा; तीत मूळ वर्गाची सर्व अंतर्गत सामग्री यावी एवढेच येथे अपेक्षित असते. दुसऱ्या स्तरावर अंगभूत मेथडने नवी वस्तू तयार केली तर ती मूळ वर्गाची न होता उपवर्गाची होते. तिसऱ्या स्तरावर ती वस्तू नेमकी कोणत्या वर्गाची असावी हे 'स्पीशीज' नावाच्या विशेष खुणेने उपवर्गाला ठरविता येते. चौथ्या स्तरावर अंगभूत मेथड आपले काम स्वतः न करता वस्तूवरील अन्य मेथडींकडे सोपविते. त्या मेथडी उपवर्गाने बदलल्या असतील तर बदललेल्या मेथडी वापरल्या जातात.

पहिल्या स्तराबद्दल फारसा वाद नाही. प्रस्तावाचा मुख्य रोख तिसऱ्या आणि चौथ्या स्तरांवर आहे. त्यांतील अडचण एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, ॲरेचा 'हजेरीपट' नावाचा उपवर्ग केला आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरने पहिले मूल्य म्हणून तुकडीचे नाव व त्यापुढे विद्यार्थ्यांची नावे घ्यावीत असे ठरविले. आता या हजेरीपटातून काही विद्यार्थी निवडण्यासाठी 'फिल्टर' ही मेथड वापरली. उत्तरादाखल नवा हजेरीपट मिळावा म्हणून भाषा आपण होऊन उपवर्गाचा कन्स्ट्रक्टर चालविते. पण त्याला काय द्यायचे हे तिला ठाऊक नसते. ती त्याला रिकाम्या ॲरेची लांबी म्हणून शून्य हा आकडा देते. परिणामी नव्या हजेरीपटातील तुकडीचे नाव शून्य होते. कोणतीही त्रुटी दर्शविली जात नाही. आज्ञावली पुढे चालू राहते. 'मॅप' ही मेथड वापरली तर तुकडीच्या नावाच्या जागी विद्यार्थ्यांची संख्या येऊन बसते.

यापेक्षाही मूलगामी आक्षेप अर्थाच्या पातळीवरचा आहे. हजेरीपटातून काही विद्यार्थी निवडले तर उरतो तो हजेरीपटच, हे म्हणणे एक वेळ पटेल. परंतु 'मॅप' वापरून प्रत्येक नावाच्या जागी त्या विद्यार्थ्याची वयाची वर्षे घातली, तर त्या आकड्यांच्या यादीला हजेरीपट कसे म्हणावे? वर्ग टिकावा की न टिकावा हे क्रियेच्या स्वरूपावर अवलंबून असते. 'स्पीशीज' मात्र एका वर्गासाठी एकच उत्तर देते आणि सर्व क्रियांना ते सारखेच लागू करते. म्हणजे ज्या लवचीकतेसाठी ही सोय केली गेली, ती लवचीकता नेमकी जिथे हवी तिथे मिळत नाही.

'स्पीशीज'चे कुळ

ही कल्पना जावास्क्रिप्टची स्वतःची नव्हे. ती स्मॉलटॉक-८० या भाषेतून आली आहे. त्या भाषेत प्रत्येक वस्तूला 'आपल्यासारखी नवी वस्तू करायची तर ती कोणत्या वर्गाची असावी' असे 'स्पीशीज' या संदेशाने विचारता येते. एक ते दहा अशा अंतराचे प्रतिनिधित्व करणारी 'इंटरव्हल' ही वस्तू या प्रश्नाला 'ॲरे' असे उत्तर देते. कारण अंतरातील प्रत्येक आकड्याचा वर्ग केला तर मिळणारी यादी समान अंतराने जाणारी राहत नाही. स्मॉलटॉकमध्ये ही सोय अत्यंत समर्पक होती, हे मान्यच करावे लागेल.

मात्र एका परिसरात समर्पक असलेली रचना दुसऱ्या परिसरात रुजविताना तिच्याभोवतीची गृहीतके बरोबर येत नाहीत. स्मॉलटॉकची संपूर्ण प्रणाली, तिच्या मूलभूत वर्गांसह, आज्ञावलीकाराच्या हाती असते. ती वाचता येते, बदलता येते आणि बदललेली प्रणाली तो आपल्यापाशी जतन करू शकतो. जावास्क्रिप्ट मात्र अनोळखी माणसाने लिहिलेली आज्ञावली अनोळखी माणसाच्या संगणकावर, त्याची संमती फारशी न विचारता चालविते. ब्राउझरमधील इंजिन आणि त्यात चालणारी आज्ञावली यांच्यात विश्वासाचे नाते नसते. अशा ठिकाणी अंगभूत मेथडच्या मध्यावर परक्या आज्ञावलीला प्रवेश देणे ही निराळ्याच परिणामांची गोष्ट ठरते.

हे परिणाम लवकरच दिसून आले. इंजिन लिहिणारा 'फिल्टर'चे काम वेगाने व्हावे म्हणून नव्या ॲरेच्या अंतर्गत मांडणीविषयी काही गोष्टी गृहीत धरतो. 'स्पीशीज'मुळे तो नवा ॲरे वेगळ्याच मांडणीचा निघू शकतो, आणि मग एका प्रकारच्या स्मृतीवर दुसऱ्या प्रकारची मूल्ये लिहिली जातात. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधील 'चक्र' या इंजिनात 'फिल्टर' मेथडमध्ये याच स्वरूपाची सुरक्षा-त्रुटी गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या गटाने उघडकीस आणली होती. गूगलच्या 'व्ही ८' इंजिनात तर या खुणेशी कोणी छेडछाड केली आहे की नाही याची नोंद ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा आहे. ती अबाधित आहे तोवर ॲरेच्या मेथडी वेगवान मार्गाने चालतात. कोणी ती मोडली की मंद मार्ग स्वीकारावा लागतो. थोडक्यात, जे हे वैशिष्ट्य वापरत नाहीत त्यांच्यासाठीही त्याची किंमत कोणाला तरी चुकवावीच लागते.

चौथ्या स्तराचे अनर्थ

काम सोपविण्याच्या चौथ्या स्तराविषयी संगणकशास्त्रात जावास्क्रिप्टच्या पूर्वीपासूनच सावधगिरीचा इशारा दिला गेला होता. जोशुआ ब्लॉक यांच्या २००१ मधील 'इफेक्टिव्ह जावा' या ग्रंथात एक बोधप्रद उदाहरण आहे. जावातील 'हॅशसेट'चा उपवर्ग करून घातलेल्या घटकांची मोजणी ठेवली असता तीन घटक घातल्यावर मोजणी सहा भरते. कारण 'ॲडऑल' ही मेथड आतून 'ॲड'लाच बोलाविते आणि प्रत्येक घटक दोनदा मोजला जातो. मूळ वर्गाच्या अंतर्गत रचनेवर उपवर्ग नकळत विसंबतो, हा त्यातील बोध. वारशासाठी वर्गाची रचना मुद्दाम करावी व तिचे नियम लिहून ठेवावेत, अन्यथा वारशाला मज्जाव करावा, असा ब्लॉक यांचा सल्ला आहे.

जावास्क्रिप्टच्या समितीने अंगभूत वर्गांच्या बाबतीत नियम अगदी तपशीलवार लिहून ठेवले, हे खरे. त्यामुळे ब्लॉक यांच्या सल्ल्याचे पहिले अर्धे पाळले गेले असे वरकरणी वाटते. परंतु नियम लिहून ठेवल्याने ते सुज्ञ ठरत नाहीत. 'मॅप' या वर्गाला जन्मतःच काही जोड्या दिल्या तर त्याचा कन्स्ट्रक्टर त्या स्वतः न साठविता 'सेट' या मेथडला बोलावितो. उपवर्गाने 'सेट' बदलली असेल आणि तीत उपवर्गाचे स्वतःचे खाजगी क्षेत्र वापरले असेल, तर मूळ कन्स्ट्रक्टर चालू असताना ते क्षेत्र अस्तित्वातच आलेले नसते. आज्ञावली तिथेच कोसळते. वर्गांतील क्षेत्रांची सोय भाषेत २०२२ च्या आवृत्तीने आणली. म्हणजे २०१५ मधील एका उदार निर्णयाची गाठ सात वर्षांनी आलेल्या दुसऱ्या उपयुक्त निर्णयाशी पडली आणि दोहोंच्या संयोगातून नवा खड्डा तयार झाला.

'रेगएक्स्प'ची अवस्था याहून बिकट आहे. मजकुरात शोध घेणाऱ्या मेथडी आता प्रत्येक वेळी वस्तूवरील 'एक्झेक' ही मेथड बदलली आहे काय हे पाहतात. शोधाचे पर्याय दर्शविणाऱ्या खुणाही एकेक करून वस्तूलाच विचारल्या जातात. इतक्या खटाटोपाने रेगएक्स्पचा उपवर्ग करण्याची गरज व्यवहारात विरळाच पडते. किंमत मात्र प्रत्येक शोधाच्या पायी इंजिनांना मोजावी लागते, अथवा ती टाळण्यासाठी गुंतागुंतीच्या युक्त्या लढवाव्या लागतात.

काढणे का अवघड आहे

येथवरचे विवेचन मान्य केले तर ही साधने काढून टाकावीत असा निष्कर्ष सहज निघतो. प्रस्तावाची भूमिकाही तीच आहे. परंतु दोष सिद्ध झाला म्हणजे तो दूर करण्याचा अधिकार सिद्ध होतो असे नाही.

पायथन या भाषेची तुलना येथे उद्बोधक ठरेल. पायथनमध्ये यादीच्या उपवर्गाचा तुकडा घेतला तर साधी यादीच मिळते, आणि 'डिक्ट'च्या उपवर्गाने घटक काढण्याची पद्धत बदलली तरी अंगभूत 'गेट' तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ज्याला असे बदल करायचे असतील त्याच्यासाठी 'यूजरडिक्ट' हा निराळा वर्ग ठेवलेला आहे. शिवाय पायथनने २००८ मध्ये तिसरी आवृत्ती काढून जुन्या आज्ञावलींशी फारकत घेण्याचे धाडसही केले; दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. हे स्थित्यंतर बारा वर्षे रेंगाळले, तरी ते शक्य झाले. कारण कोणती आवृत्ती वापरायची हे आज्ञावली चालविणाऱ्याच्या हाती होते.

जावास्क्रिप्टला ही मुभा नाही. ब्राउझर अद्ययावत झाला की १९९८ मधले पान आणि आजचे पान एकाच इंजिनावर चालते. पान लिहिणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. मानवी भाषांशी तुलना करू गेल्यास हा फरक अधिकच ठळक होतो. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्यापूर्वीचे ग्रंथ निरुपयोगी ठरले नाहीत; वाचणारा माणूस होता आणि त्याने सांभाळून घेतले. यंत्र असे सांभाळून घेत नाही. 'फिल्टर'ने उपवर्गाऐवजी साधा ॲरे दिला, आणि पुढच्या ओळीत उपवर्गाची मेथड वापरली असली, की पान थांबते.

काढण्याचे काही यशस्वी दाखले आहेत, पण ते प्रस्तावाच्या विरोधातच साक्ष देतात. २०१५ मध्ये आलेल्या 'प्रॉक्सी'मधील 'एन्युमरेट' हा सापळा २०१६ च्या आवृत्तीत काढला गेला. तेव्हा त्याला जेमतेम वर्ष झाले होते. 'विथ' या बदनाम विधानाची गोष्ट वेगळी आहे. २००९ मध्ये ते 'स्ट्रिक्ट' पद्धतीत निषिद्ध ठरले. जुन्या पद्धतीत मात्र ते अद्याप चालते. वैशिष्ट्य रुजण्यापूर्वी ते उपटता येते. रुजल्यावर त्याला फार तर कुंपण घालता येते. काढणेच काय, पण घालणेही निर्धोक नसते याचा प्रत्यय २०१८ मध्ये आला. ॲरेला 'फ्लॅटन' ही मेथड द्यावयाची होती. पण 'मूटूल्स' या जुन्या संग्रहाने त्याच नावाची मेथड आधीच स्वतः जोडलेली असल्याने काही जुनी पाने मोडू लागली आणि अखेर 'फ्लॅट' हे नाव पत्करावे लागले.

वापराच्या मोजणीची मर्यादा

अशा वेळी ब्राउझरमध्ये मोजणी बसवून एखादे वैशिष्ट्य किती पानांवर वापरले जाते हे पाहण्याची रीत आहे. वापर नगण्य असेल तर ते काढण्यास हरकत नाही, असा या रीतीमागील तर्क असतो. ही रीत निरर्थक नाही. परंतु तिची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. मोजणी पानांची वा भेटींची होते, त्या पानांवर अवलंबून असलेल्या माणसांच्या गरजेची होत नाही. वर्षातून एकदाच उघडला जाणारा अर्ज आणि दररोज लाखोंनी पाहिले जाणारे करमणुकीचे पान यांना मोजणीत सारखे वजन मिळत नाही. अर्जाचे पारडे वरच राहते. संस्थेच्या अंतर्गत जाळ्यावर चालणाऱ्या आज्ञावली तर बहुधा मोजणीच्या टप्प्यातच येत नाहीत. शिवाय एखाद्या जगभर वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरच्या बाबतीत टक्केवारीतील अत्यल्प अंशही प्रत्यक्षात मोठी संख्या असू शकतो.

यासाठी प्रस्तावातील प्रकारवार विभागणीइतकेच वर्गवार विभागणीलाही महत्त्व द्यावयास हवे. रेगएक्स्पमधील काम सोपविण्याची पद्धत आणि 'प्रॉमिस'च्या उपवर्गांना 'देन' मेथडकडून मिळणारी वागणूक, या दोन्हींची हानी व उपयोग यांचे प्रमाण सारखे नाही. रद्द करता येणारी प्रॉमिस किंवा प्रगतीची नोंद देणारी प्रॉमिस अशा उपवर्गांना साखळी टिकविण्यासाठी त्या वागणुकीचा खरा उपयोग असतो. सर्वांना एकाच न्यायाने वागविल्यास बाधित होणाऱ्यांत ज्यांचा वापर रास्त होता त्यांचाही समावेश होईल.

काढल्याविना माघार

प्रस्तावाचे खरे फलित काढून टाकण्यात शोधू नये. ते समितीच्या नंतरच्या आचरणात दिसते. २०१९ च्या आवृत्तीत आलेल्या 'फ्लॅट' आणि 'फ्लॅटमॅप' या मेथडी 'स्पीशीज'ला विचारूनच नवा ॲरे करतात. २०२३ मध्ये आलेल्या 'टूसॉर्टेड', 'टूरिव्हर्स्ड', 'टूस्प्लाइस्ड' आणि 'विथ' या ॲरेच्या मेथडी मात्र कोणाच्याही उपवर्गाची पर्वा न करता साधा ॲरे देतात. २०२५ च्या आवृत्तीतील 'सेट'च्या 'युनियन', 'इंटरसेक्शन' इत्यादी मेथडींनीही हाच मार्ग स्वीकारला आहे. जुने वैशिष्ट्य जागेवर राहिले; नव्या बांधकामाला त्याचा पाया नाकारला गेला.

हा मार्ग व्यवहार्य आहे, कारण त्यात कोणाचेही चालू पान मोडत नाही. पण तो विनामूल्य नाही. हजेरीपटावर 'स्लाइस' चालविली तर हजेरीपट मिळतो, 'टूसॉर्टेड' चालविली तर साधा ॲरे मिळतो. या फरकाचे स्पष्टीकरण भाषेच्या तर्कात सापडत नाही. ते तिच्या इतिहासात शोधावे लागते. इंजिन लिहिणाऱ्यांचे ओझे वाढायचे थांबले, परंतु विसंगतीचे ओझे शिकणाऱ्यांवर आणि शिकविणाऱ्यांवर आले. प्रस्तावाचा युक्तिवाद सुरक्षितता, वेग आणि प्रमाणग्रंथाची गुंतागुंत यांभोवती फिरतो. अध्ययन-अध्यापनाची बाजू त्यात दुय्यम राहते. वस्तुनिष्ठ आज्ञावलीलेखनाच्या अध्यापनात वारसा हा निरपवाद गुण म्हणून सांगितला जातो, ही गोष्ट लक्षात घेतली तर ही उणीव लहान मानता येत नाही.

समारोप

सारांश, प्रस्तावाचे निदान बव्हंशी अचूक आहे. अंगभूत मेथडींना उपवर्गाच्या इच्छेप्रमाणे वाकविण्याची सोय अर्थाच्या दृष्टीने अपुरी, सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याची आणि उपयोगाच्या मानाने महागडी ठरली. चार स्तरांची विभागणी हे त्याचे टिकाऊ योगदान असून अन्य भाषांच्या अभ्यासालाही ते उपकारक ठरेल. उपायाच्या बाबतीत मात्र सरसकट निर्मूलनाऐवजी वर्गवार आणि सावकाश जाणारी वाटच ग्राह्य दिसते. रेगएक्स्पच्या बाबतीत प्रयोगास वाव आहे. ॲरेच्या बाबतीत फार जपून पावले टाकावी लागतील. प्रॉमिसच्या बाबतीत हात न लावणेच श्रेयस्कर.

ज्या आज्ञावलीकाराने २०१६ मध्ये प्रमाणग्रंथ वाचून, त्यातील नियमांवर विश्वास ठेवून उपवर्ग लिहिला, त्याची काहीच चूक नव्हती. समितीचे मत बदलले म्हणून त्याच्या पानाने थांबावे काय, हा प्रश्न तांत्रिक नाही, आणि वापराच्या टक्केवारीतून त्याचे उत्तर निघत नाही. वर्गात वारसा शिकविताना त्याच्या सोयीबरोबरच त्याने पुढील पिढ्यांवर लादलेले हे बंधनही विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले, तर अंगभूत वर्गाचा उपवर्ग करण्यापूर्वी त्याला पोटात ठेवणारा साधा वर्ग पुरेसा नाही काय, असे ते स्वतःला विचारतील. असे विचारणारे जितके वाढतील, तितके पुढे केव्हा तरी ही साधने काढणे कमी जणांच्या वाट्याला हानी घेऊन येईल.